भंडारदरा धरणाच्या वरची प्रवरा नेमकी कुठली? (रतनवाडी की घाटघर?)

पाटाचं_पाणी:

आमची शेती संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या कालव्यावर. जुलै लागला की घरात पेपर उघडला जायचा तो मागच्या पानापासून, कारण 'भंडारदऱ्यात नवीन आवक किती' हे तिथे छापलेलं असायचं. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट कधी डोक्यात आली नाही. धरणात पाणी येतं म्हणजे कुठल्या नदीतून येतं? धरणाच्या खालची प्रवरा आम्हाला पाठ आहे. वरची कुणी बघितलीय?

यंदा मेअखेरीस काजवे बघायला घरच्यांना घेऊन गेलो आणि शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा तळ्याला पूर्ण वळसा घातला. रतनवाडीजवळ एक ओढा लागला. मधे मोठमोठे गोटे, कडेच्या डबक्यात म्हशी बसलेल्या आणि एक बाई दगडावर गोधड्या आपटत होत्या. करवंदं विकणारा पोरगा म्हणाला, "हीच प्रवरा." पुढे घाटघरला चहा घेतला. टपरीवाले काका म्हणाले, "तो रतनवाडीचा ओहळ. प्रवरा आमच्याकडून निघती." मोबाईलवरचा नकाशा मोठा करून बघितला, तर निळ्या तळ्यात नदीचं नावच नाही.

तर तीन शंका. खरी प्रवरा कुठली? एवढ्याशा ओढ्यांवर अकरा टीएमसीचं (म्हणजे अकरा हजार दलघफूचं) धरण भरतं कसं? आणि तिसरी जरा येडपट आहे. नदी संपते कुठे आणि तळं सुरू होतं कुठे? रतनवाडीच्या खाली बघितलं तर लांबवर नुसता चिखल, त्यात ओढ्याची एक नागमोडी रेघ आणि पाणी पार तिकडे.

गडवेडा:

रतनवाडी. विषय संपला. रतनगडाला वर जाताना तोच ओढा सारखा आडवा येतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पावसाळ्यात दोर लावून ओलांडावा लागतो. वर नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, जाऊन बसा म्हणजे सगळं समजतं. उत्तरेला कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग, पायाशी तळं, पाठीमागे कोकण. शिवाय अमृतेश्वराचं देऊळ काय उगाच तिथे बांधलंय?

राजूरच्या_बाई:

गडवेड्या, विषय इतक्यात संपत नसतो.

मी राजूरला भूगोल शिकवत होते. वर्गातली निम्मी पोरं याच तळ्याकाठच्या गावांची, पांजरे, उडदावणे, कोलटेंभे, मुतखेल. त्यामुळे हे भांडण मी वर्गात ऐकलेलं आहे, तेही हातघाईवर आलेलं. रतनवाडीची पोरं एका बाकावर, घाटघरची दुसऱ्या. दोघांचंही खरं होतं आणि दोघांचंही अर्धं.

तुम्ही जी नदी शोधताय ती तळ्याच्या बुडाशी आहे. १८८४ साली छापलेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये धरणाच्या आधीची प्रवरा आहे. कुलंग आणि रतनगड यांच्या मधे सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम, डोंगरातून बारा मैलांची वाट, मग रंध्याला दोनशे फूट खोल घळीत उडी. धरणाचं काम सुरू झालं १९१० साली, पुरं झालं १९२६ साली. त्या बारा मैलांपैकी वरचा बहुतेक भाग बुडाला. घाटघरकडून येणारा फाटा आणि रतनवाडीकडून येणारा फाटा ज्या जागी एकमेकांना भेटायचे तो संगमही खाली गेला. आज तुम्हाला दिसतात ती त्या नदीची नुसती टोकं. त्यातलं खरं कुठलं हे कशावरून ठरवणार? लांबी धरली तर घाटघरचा फाटा सरस, कारण ते गाव पार कड्यावर आहे. लोकांची श्रद्धा धरली तर रतनवाडी. राहूचं शिर उडालं तेव्हा त्याच्या कंठातून सांडलेलं अमृत म्हणजे प्रवरा, अशी आमच्याकडची कथा आहे. तिची अमृतवाहिनी झाली ती तिथून, आणि अमृतेश्वरही तिथलाच. मला स्वतःला या निवाड्यात फार रस नाही. ज्याला नदी रेघेत शोधायची सवय आहे त्याला इथे हाती काही लागत नाही. वरची प्रवरा ही रेघ नाही. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला धरणाची भिंत, एवढं सगळं मिळून ती आहे. शेंडीपासून घाटघरापर्यंत जेवढे ओहळ रस्ता ओलांडतात तेवढ्या सगळ्या प्रवराच.

आता तुमची दुसरी शंका, ती खरी मोलाची आहे. पाटी घ्या.

धरणाची क्षमता ११,०३९ दलघफू, म्हणजे साधारण ३१ कोटी घनमीटर. पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या मुलखातलं पाणी धरणात उतरतं तो, किती? जेमतेम १२० चौरस किलोमीटर. अकोले तालुक्याच्या मानानेसुद्धा हा कोपराच झाला. ३१ कोटींना १२ कोटी चौरस मीटरने भागा. उत्तर येतं अडीच मीटरच्या वर. म्हणजे त्या अख्ख्या मुलखावर, डोंगर, रान, भातखाचरं, घरांची कौलं धरून, पुरुषभर उंचीच्याही वर पाणी उभं केलं आणि ते सगळंच्या सगळं तळ्यात ओतलं, तरच धरण भरेल. जमिनीत मुरलेलं आणि झाडांनी घेतलेलं वेगळं. आणि तरीही ते पंधरा ऑगस्टच्या आसपास भरतं, बऱ्याच वर्षी.

हे जमतं ते एकट्या पावसाच्या जोरावर. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस ही नवलाई नाही. कोकणातून आलेला ढग कड्यावर चढतो, थंड होतो आणि पहिलं ओझं तिथेच टाकतो. शेंडीला येईपर्यंत तो बराच हलका झालेला असतो आणि अकोल्याला पोचतो तेव्हा त्याच्याकडे घाटघरच्या पावसाचा दहावा हिस्साच उरलेला असतो. राजूरच्या शाळेत बसून मी पश्चिमेकडे काळंभोर बघितलेलं आहे आणि आमच्या मैदानावर धूळ उडत होती. तुमच्या पेपरात घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी अशी पावसाची नावं ओळीने छापतात ना? एखाद्या दिवशी त्या ओळीत आकडे कसे उतरत जातात ते बघा. पुस्तकातला पर्जन्यछायेचा धडा आहे तो.

म्हणून मे महिन्यातला ओढा बघून नदीचं माप काढू नका. तोच ओढा जुलैच्या आवणीत, भातलावणीत, बघा. खाचरात इरलं पांघरून बाया वाकलेल्या असतात आणि ओढ्यातून गडगडणाऱ्या धोंड्यांचा आवाज बांधावर ऐकू येतो. पाण्याचा नव्हे, धोंड्यांचा. म्हशी बसल्या होत्या त्या जागी तुम्हाला पायही ठेवता येणार नाही.

पाटाचं_पाणी:

बाई, दंडवत. अडीच मीटरचा हिशेब दोनदा करून बघितला, बरोबर येतो. घरी सांगितला तर वडील म्हणाले, "मग आपल्या उसाला येतंय ते घाटघरवाल्यांचं भिजणं."

तिसऱ्या शंकेचं काय पण?

राजूरच्या_बाई:

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

तिसरी शंका येडपट अजिबात नाही. नैसर्गिक तळं असतं तर नदीचं मुख एका जागी राहिलं असतं. धरणाचं तळं भरतं आणि उतरतं, त्यामुळे मुख चालत राहतं. भरल्यावर फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबलेलं पाणी, रतनवाडीच्या जवळ येऊन टेकतो आणि ओढा डोंगरातून उतरतो तो थेट तळ्यात. मग खाली शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटायला लागली की पातळी उतरते आणि ओढ्याला तळ्यापर्यंत चालत जावं लागतं, महिन्या-महिन्याला लांब. मे महिन्यात तुम्ही बघितलं ते याचं टोक. चिखलातली नागमोडी रेघ म्हणजे नदी आपल्या बुडालेल्या वाटेवर परत आलेली. काही जागी तर जुन्या पात्रावरूनच.

पोरांना मी तिथेच न्यायचे, वार्षिक परीक्षा झाली की. काठाच्या उतारावर आडव्या रेघा असतात, पातळी टप्प्याटप्प्याने उतरल्याच्या. आधी त्या बघायच्या. मग ओढ्याने जिथे गाळ कापलाय तिथे खुरप्याने काठ साफ करायचा. आत थर दिसतात. खाली जाड वाळू आणि बारीक खडी, त्यावर लोण्यासारखा मऊ काळा गाळ, मग परत खडी, परत गाळ. पहिल्या लोंढ्याला जोर असतो म्हणून तो जड माल आणतो. पाणी वर चढून संथ झालं की बारीक माल बसतो. खडी-गाळ अशी एक जोडी साधारण एका पावसाळ्याची. एकदा घाटघरच्या एका पोराने थर मोजून विचारलं, "बाई, मी जन्मलो तो थर कुठला?" त्याला म्हटलं, अजून खण. संध्याकाळपर्यंत खणत होता.

त्रिभुज प्रदेश शिकवायला गंगेपर्यंत जायची गरज नाही. ओढा तळ्याला मिळतो तिथे पंख्यासारखा पसरलेला गाळ पोरांच्या पायाखालीच होता. फरक एवढाच की दर पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरल्यावर ओढा त्याला परत कापतो. त्यामुळे त्याचा आकार कधी पुरा होत नाही.

घाटघरच्या फाट्याची गत आणखी वेगळी. तिथलं पाणी तळ्याला यायच्या आधी उदंचन प्रकल्पाच्या वरच्या धरणात अडतं. २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की पाणी कड्यावरून बोगद्याने खाली कोकणात, चोंढ्याच्या तळ्यात सोडतात, आणि मागणी कमी असली की तेच पाणी उलटं वर चढवतात. वरचं तळं लहानसं, त्यामुळे त्याचा काठ दिवसातसुद्धा वर-खाली होतो. टपरीवाले काका म्हणतात ती प्रवरा उगमाजवळच खाली-वर करून मग पुढे निघते.

गडवेडा:

बाई, उदंचनाचं माहीत नव्हतं. एक विचारतो. साम्रदची सांधण दरी कुणाच्या पाण्याची? आम्ही तिच्यातून उतरलोय. मधे कमरेएवढं थंडगार पाणी, दोन्ही बाजूंना उभे कातळ, वर बघितलं तर आभाळाची पट्टी. ते पाणी प्रवरेचं म्हणावं का?

राजूरच्या_बाई:

नाही. ते कोकणाचं. आणि इथे खरी मजा आहे, जी रतनवाडी-घाटघरच्या भांडणात कुणी बघत नाही.

साम्रदला उभं राहा. पूर्वेला पडलेला थेंब प्रवरेत, तिथून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. काही पावलं पश्चिमेला पडलेला थेंब सांधणीतून कोकणात आणि अरबी समुद्रात. एकाला कडा उतरला की समुद्र जवळच, दुसऱ्याला अख्खा देश ओलांडायचा. आता घाटघरला जा. तिथे खोरं चांगलं रुंद, सपाट, भातखाचरांचं आहे आणि ते चालत चालत एकदम कड्यावर संपतं. नदीचं खोरं उगमाकडे अरुंद होत जावं की नाही? हे होत नाही, तुटतं. कारण कडा मागे सरकतोय. कोकणातले ओढे भयंकर उताराचे, त्यामुळे ते बसाल्ट पायथ्याकडून खात खात पूर्वेला येतात. प्रवरा, मुळा यांची डोकी त्यांनी केव्हाच कापलीत. आपण बघतो ती धडं. सांधणीसारखी चीर म्हणजे त्याच कापाकापीचं चालू काम. माणसाच्या आयुष्यात ते दिसणार नाही, पण दिशा ठरलेली आहे. घाटघरचं पाणी पश्चिमेला ओढायला सरकारला बोगदा लागला. कड्याला लागणार नाही, वेळ लागेल.

आणखी एक. गडवेड्या, तू नेढ्यात बसतोस तिथे तुझ्या दक्षिणेला मुळा निघते, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या मधे. उत्तरेला कुलंगच्या पलीकडच्या उतारावर दारणा. मधे प्रवरा. तिघी शेजारणी, तिघींच्या वाट्याला धरणं आली आणि तिघी शेवटी गोदावरीच्या. दारणा थेट जाते, मुळा आधी प्रवरेला मिळते. कुठला डोंगर कुणाला पाणी देतो हे त्या नेढ्यातून बोटाने दाखवता येतं. धुकं नसेल तर.

नेवासकर:

वाचतोय कधीचा. वरच्या लोकांनी वरचंच बोलायचं ठरवलेलं दिसतंय, म्हणून खालचं सांगतो.

तुमची प्रवरा तळ्यातून निघते, आमच्याकडे तळ्यातच संपते. प्रवरासंगमला टोक्याच्या सिद्धेश्वराच्या घाटावर उभं राहिलं की समोर दिसतो तो नाथसागराचा फुगवटा, जायकवाडीचा. जायकवाडी भरलेलं असलं की प्रवरा कुठली आणि गोदावरी कुठली हे ओळखून दाखवावं कुणी. आमच्या नेवाशाला याच नदीकाठी माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, शके १२१२. ती नदी वाहती होती. आता पावसाळा सोडला तर आमच्याकडे पाणी येतं ते वरच्या धरणातून सोडलं तरच.

आणि मधेही अजून एक तळं आहे, निळवंडे. त्याचा फुगवटा रंध्याच्या खालच्या दरीत शिरलाय. रंध्याचा धबधबा तरी बारा महिने कुठे राहिलाय? कोदणीच्या वीजघराला पाणी वरूनच वळवतात.

मला विचारायचंय ते बाईंना. रतनवाडीला फुगवटा मागे सरकतो म्हणता, आमच्याकडे तर उन्हाळ्यात तो कोसभर पळतो. एवढा फरक का?

राजूरच्या_बाई:

उतार, नेवासकर. उतार.

भंडारदऱ्याचं तळं डोंगराच्या ओंजळीत आहे. पातळी चांगली दहा फूट उतरली तरी काठ थोडाच सरकतो, कारण काठ उभा आहे. फक्त रतनवाडीसारख्या ओढ्याच्या तोंडाशी तळ सपाट, तिथे चिखल दिसतो. तुमच्याकडे गोदावरीची काळी सपाट जमीन. नाथसागर जवळपास साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलाय, म्हणजे आमच्या तळ्याच्या अख्ख्या पाणलोटाच्या तिप्पट मोठा, पण उथळ. तिथे पाणी फूटभर उतरलं की एकरांनी जमीन उघडी पडते. म्हणून तुमच्याकडे उघड्या पडलेल्या गाळात गाळपेराची शेती होते, म्हणूनच हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांना गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. आमच्याकडे त्यांनी येऊन करायचं काय?

उथळपणाचा तोटाही आहे. पसरट तळ्याचं पाणी ऊन जास्त खातं. तेच पाणी घाटघरच्या बाजूला खोल तळ्यात असतं तेव्हा कमी उडतं. आता यावरून समन्यायी पाणीवाटपाचं, म्हणजे वरच्या धरणांतून जायकवाडीला किती सोडायचं याचं, भांडण इथे सुरू करू नका, ते माझ्या घरातही मिटलेलं नाही. माहेर अकोल्याचं, सासर पैठणकडचं.

पाटाचं_पाणी:

बाई, ते भांडण आमच्या बांधावरही आहे, त्यामुळे मी गप्प.

ऑगस्टमध्ये परत जायचं ठरतंय, वडिलांना घेऊन. त्यांना धरण नको, 'आवक होते ती जागा' बघायची आहे. कुठे न्यावं? गुडघे दुखतात, चढ जमणार नाही.

राजूरच्या_बाई:

मग गड विसरा. शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्ट टाळा, शेंडीत गाड्यांची रांग लागते. सकाळी लवकर मुतखेलच्या अंगाने निघा. त्या बाजूला डोंगर रस्त्याच्या लगत आहे, ओहळ थेट कड्यावरून येऊन रस्त्याखालून तळ्यात जातात. वडिलांना गाडीतूनच दिसेल. कोलटेंभ्याच्या पुढे कुठल्याही मोरीवर थांबा, पण पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर गाडी घालू नका, स्थानिक माणूस घालत असला तरी. रतनवाडीला अमृतेश्वरापर्यंत गाडी जवळ जाते. तिथून ओढा बघा, मे महिन्यात बघितलात तोच.

घाटघरला जाणार असाल तर सांगून ठेवते, ऑगस्टात कोकणकड्यावर काही दिसत नाही. हाताचं बोट दिसत नाही. पण वडिलांना आवक बघायची आहे ना, मग तिथे दिसण्याची गरज नाही. टपरीवर चहा घ्या, तास-दीड तास बसा. प्लास्टिकचा कागद जास्तीचा न्या, छत्री तिथे टिकत नाही.

गडवेडा:

आणि काकांना विचारा प्रवरा कुठली ते. मी त्या दिवशी रतनवाडीत असेन, माझंही मत कळवा त्यांना.